वच्छलाबाईचा कूड

दिनांक २६ मे २०२३ रोजी पानखेड ग्रामपंचायतीने वच्छलाबाई गोविंदा मिसाळ यांना नऊ हजार तीनशे पन्नास रुपये दिले. काम होते गावातल्या पाळणाघराभोवती पानमळ्यासारखा कूड उभा करण्याचे. शेवरीचे बी, पांगाऱ्याचे खुंट, बांबू, सुतळी आणि मजुरी, सगळे त्यातच. वच्छलाबाईचे वय तेव्हा साठीला टेकलेले. स्वतःच्या नावाने मिळालेले हे तिचे पहिले काम. तसे हेच काम तिने जन्मभर केले होते, पण ते घरचे. घरच्या बाईच्या कामाची पावती कोण फाडतो?

पानखेड जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. एके काळी ओढ्याच्या दोन्ही काठांनी बारी लोकांचे पानमळेच मळे होते. नागवेल मोठी नाजूक जात. तिला ऊन सोसत नाही आणि वारा तर त्याहून सोसत नाही. म्हणून मळ्याच्या चारी बाजूंनी शेवरी आणि पांगारा दाट लावायचा, मधल्या फटींत तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या-कपाशीच्या वाळक्या काड्या, बांधायच्या, वर झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतवायचे. ही अर्धी हिरवी, अर्धी वाळकी भिंत म्हणजे कूड. आत पाटाने पाणी खेळते ठेवायचे. वैशाखात बाहेर माथा तडकत असला तरी आत पाऊल टाकले की ओला गारवा अंगावर येई. पाने खुडणारे गडी मात्र न्याहारीपर्यंतच आत थांबत. मग घामाने निथळत बाहेर येऊन लिंबाखाली बसत. असे का, हे कोणी विचारले नव्हते. रीतच तशी होती.

मळ्याचे नियम देवळासारखे. चपला बाहेर काढायच्या. दार ठेंगणे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आणि बाईचे दूर बसायचे दिवस आले की तिने आत पाय ठेवायचा नाही, वेल वाळते. वच्छलाबाई लग्न होऊन मिसाळांच्या घरी आली तेव्हा सासू सरस्वतीबाईने पहिल्याच महिन्यात बजावले, "आत येऊ नको. पन म्हनून घरी लोळू बी नको. भाईरून कूड पाह्य. फट दिसली का बुजव."

झाले, तेव्हापासून दर महिन्याला ते दिवस वच्छलाबाई कुडाच्या बाहेरून फिरे. फट शोधायची तिची एक रीत होती. तळहात ओला करायचा आणि कुडाला लागून हळूहळू न्यायचा. जिथून आतला गारवा निसटत असेल तिथे हात थबके. मग तुराटीची पेंडी कोंबायची, सुतळीने आवळायची, वर शेणमातीचा हात फिरवायचा. भर दुपारी, उन्हाच्या झळांत, पाटाच्या पाण्याने भिजलेले लुगडे तसेच अंगावर. घरातले पुरुष कधी बाहेरून फिरले नाहीत. त्यांनी मळा आतून पाहिला. गावात मात्र म्हणत की मिसाळांच्या कुडातून उंदीरही वाट विचारून जातो. बाया म्हणत, ज्या घरच्या कुडाला भगदाड, त्या घरच्या बाईला पदर सावरता येत नाही. वच्छलाबाईच्या मनावर हे गोंदणासारखे बसले.

पुढे ओढा आटत गेला. बाहेरगावची पाने ट्रकने येऊ लागली आणि शेगावच्या पानठेलेवाल्यांना ती स्वस्त पडू लागली. एकेक मळा मोडला, तिथे कपाशी आली, सोयाबीन आले. वच्छलाबाईचा नवरा गोविंदा वारला. तिचा दीर तुळशीराम याने काही गुंठ्यांचा मळा तेवढा हट्टाने राखला. त्यातून त्याला फारसे काही सुटत नसे, पण "गावात नागवेल कोनाच्या घरी हाये?" असे कोणी विचारले की त्याची छाती वीतभर फुगे.

आता पाळणाघराचे. गावातल्या बचत गटाने ते सुरू केले होते. एक खोली, वर टिनाचे छप्पर, पुढे लांब पडवी. बेबीताई नावाची चटपटीत बाई ते सांभाळे. आयांनी सकाळी लेकरू आणून सोडायचे आणि कांदा काढायला, भुईमूग उपटायला निघून जायचे. पण पहिल्याच उन्हाळ्यात खोली भट्टीसारखी तापली आणि पाळणाघर बंद ठेवावे लागले. लेकरे आयांबरोबर शेतात गेली. तिथे धुऱ्याच्या बांधावर झोळीत झोपवलेल्या एका पोराला विंचू चावला. पोर वाचले, पण भीती राहिली. पाळणाघराला मदत देणाऱ्या मंडळींनीही सांगून टाकले की पुढचा उन्हाळा निभला नाही तर मदत थांबेल. मदत थांबली की पाळणाघर संपले.

सरपंच भाऊरावांनी अकोल्याहून योगिनीला बोलावले. माती-बांबूची घरे बांधणारी, इमारतींचे आराखडे काढणारी ही मुलगी. तिने तुळशीरामचा मळा पाहिला. चपला काढून, वाकून आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "हेच करायचं. पडवीच्या तिन्ही बाजूंनी असाच कूड. दुसरं काही शोधायला नको."

तुळशीरामला ती पोरगी तिथेच आवडली.

दोन दिवसांनी तिने कागद आणला. त्यात कुडामध्ये दोन जागा मोकळ्या सोडलेल्या होत्या. एक पश्चिमेला, जमिनीलगत. दुसरी पूर्वेला, वर, डोक्याच्याही वर.

"हे काय हो ताई?" वच्छलाबाईने बोट ठेवून विचारले.

"हवा आत यायला एक, बाहेर जायला एक."

तुळशीराम हसला. "पोरी, वारा आत घ्याचा असता तं आमच्या बापजाद्यानं कूड कायले घातला असता?"

"पण काका, मळ्यात पानं राहतात. इथं लेकरं राहणार आहेत."

"लेकरं बी पानासारखीच असतात," वच्छलाबाई म्हणाली. "झळ लागली का सुकतात."

सगळे हसले. योगिनीही हसली. "तुम्ही जन्मभर केलंय मावशी. पण जागा तेवढी सोडून ठेवा, मग पाहू," असे म्हणून तिने कागद भाऊरावांच्या हाती दिला.

वच्छलाबाईने जागा सोडल्या खऱ्या. शेवरी पावसाळ्यात सरसरून वाढली, पांगारा फुटला, दिवाळीपर्यंत कूड पुरुषभराच्याही वर गेला, आणि त्या दोन रिकाम्या जागा तिच्या डोळ्यांत कुसळासारख्या सलू लागल्या. येणारे-जाणारे थांबून पाहत. एक दिवस कोणीतरी म्हणाले, "वच्छलाबाई, म्हातारपनी हात थकला वाटते?" त्याच संध्याकाळी तिने दोन्ही जागा तुराट्यांनी बुजवल्या आणि वर शेणमाती फिरवली. पूर्वेकडच्या बुजवलेल्या जागेवर तुळशीरामने आपल्या मळ्यातली नागवेल आणून चढवली. नारळ फोडला. आता कूड कसा, मिसाळांचा दिसू लागला.

मार्चमध्ये पडवी पाहायला आसपासच्या गावांतून लोक येऊ लागले. हातपंपाचे सांडपाणी पाटाने कुडाच्या मुळाशी फिरवले होते. आत हिरवा अंधार, ओल्या मातीचा वास. वर एक पंखा फिरत असे. लेकरे दुपारभर झोपत. भाऊरावांनी मोताळ्याच्या बाजारात कोणापुढे तरी या पडवीची एवढी बढाई मारली की ते लोकही गाडी करून आले. एप्रिल तसाच सुखात गेला. मे महिन्याचे पहिले दिवसही गेले.

मग तो दिवस उजाडला. सकाळी सकाळीच आभाळ पांढरे पडले होते. कांद्याच्या वावरात जाणाऱ्या बाया लेकरे सोडून घाईने निघाल्या. जयमाला सर्वांत शेवटी आली. तिची छकुली दीड वर्षाची, रात्रभर किरकिरलेली.

"दात येऊन राह्यले वाटते तिले," जयमाला म्हणाली. "बेबीताई, पानी पाजत राहजा. कितीबी नाही म्हनली तरी."

"जा वं तू. माह्या कुडात हाये ती," वच्छलाबाई म्हणाली. ती रोज दुपारपर्यंत पाळणाघरात थांबे. पाट सोडायचा, वेलीकडे पाहायचे, हेच तिचे काम.

जेवणे झाली आणि लाईट गेली. उन्हाळ्यात लाईट जातेच, पण रोज घटकाभरात येई. त्या दिवशी आली नाही. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. तो थांबल्यावर पडवीत जी शांतता झाली, ती वच्छलाबाईला आवडली नाही. मळ्यातही अशीच शांतता असते, पण तिथे पानांशिवाय कोणी श्वास घेत नाही.

एकेक लेकरू उठू लागले. झबली अंगाला चिकटलेली. कपाळावर घाम, तो पुसला की पुन्हा घाम. बेबीताईने हातपंखा घेतला. एकाला वारा घातला की दुसरे रडे.

"काकू, आज कसंतरीच होऊन राह्यलं. दम घुटते," बेबीताई म्हणाली.

"पाट सुकला असन," वच्छलाबाई म्हणाली. मळ्यात गारवा कमी झाला की पाणी वाढवायचे, हे तिला झोपेतही माहीत. तिने हातपंप हापसून पाट तुडुंब भरला. जमिनीवरही बादलीभर पाणी शिंपडले. क्षणभर बरे वाटले. मग हवा आणखी जड झाली. कांबळ पाण्यात भिजवून अंगावर टाकावे, तशी.

छकुली रडत नव्हती. हे आधी बेबीताईच्या लक्षात आले. बाकीची पोरे भोकाड पसरत होती आणि ही कोपऱ्यात पडून नुसती पाहत होती. डोळे अर्धे मिटलेले. बेबीताईने तिला उचलले. "बाप रे काकू, पोरगी चुलीसारखी तापली."

दोघींनी तिचे कपडे काढले. साखर-मिठाचे पाणी चमच्याने घातले. थोडे गिळले, थोडे ओघळले. वच्छलाबाईने आपला पदर भिजवून तिच्या छातीपोटावर ठेवला. तो पदर हाताला गार लागायला हवा होता. लागला नाही. कोमटच राहिला. पुन्हा भिजवला, पुन्हा कोमट. ओल्या फडक्याला गारवा धरेना, हे तिने जन्मात पाहिले नव्हते.

"भाईर नेऊ काय लेकरं?" बेबीताईने विचारले. "शाळेत?"

"शाळेले कुलूप हाये. अन् स्लॅब हाये वरतून, तंदूर झाला असन. लिंबाचं झाड पाहतं तं तेवढ्या दूर, या गरम लूमध्ये कसे नेशीन एवढे जन?"

बेबीताईने भाऊरावांना फोन लावला. ते तालुक्याला, जळगावात होते. गाडी घेऊन निघतो म्हणाले, पण यायला वेळ लागणार होता. जयमालाचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. कांद्याच्या ढिगाशेजारी पिशवीत असणार.

"मी पाट पाहून येते," वच्छलाबाई म्हणाली. खरे तर पाटाला काही झाले नव्हते. तिला त्या पोरीकडे पाहवेना. ती ठेंगण्या दारातून वाकून बाहेर पडली.

बाहेर पश्चिमेचा वारा सुटला होता. तापल्या तव्यावरून आल्यासारखा. तोंडावर आला तसे तिने डोळे मिटले. आणि त्याच क्षणी पाठीवर शहारा आला. पाठ गार. पदर भिजवताना लुगडे खांद्यापासून कमरेपर्यंत ओले झाले होते आणि त्यावरून हा जळजळीत वारा जात होता, तरी पाठ गार पडत होती.

ती तशीच उभी राहिली. हा गारवा तिच्या ओळखीचा होता. दूर बसायच्या दिवसांत, भर वैशाखात, कुडाच्या बाहेरून फिरताना तिला हाच गारवा सोबतीला असे. आत गडी घामाने निथळत आणि ती बाहेर, ओल्या लुगड्यात, उन्हातही तगून राही. तेव्हा तिला वाटे, विटाळशीला देवाने दिलेली ही सूट असावी. मळ्यातून न्याहारीलाच गडी का बाहेर पळतात, हे तिला आज, या दारात, कळले. पानाला घाम येत नाही. माणसाला येतो. आणि घाम वाळायला वारा लागतो.

त्या वाऱ्याची वाट तिनेच बुजवली होती.

"बेबी," तिने दारातून हाक मारली, "तुह्या घरचा कोयता आन. पयत जाय."

बेबीताईचे घर समोरच. तिने कोयता आणला तेव्हा वच्छलाबाई पश्चिमेच्या कुडाशी, जमिनीलगत, बुजवलेली जागा हाताने चाचपत होती. तो घेऊन तिने पहिला घाव घातला. वाळलेली शेणमाती ढासळली, मागून तुराट्या करकरत तुटल्या. हातभर भोक पडले. वारा भसकन आत गेला, धुळीसकट. आतून पोरांचे खोकणे ऐकू आले.

"काकू, आता तं गरमच वारा येऊन राह्यला," बेबीताई आतून म्हणाली.

"ते तुराट्याचं पेंडकं भिजव अन् भोकात आडवं टाक. गच्च नको. पोकळ."

बेबीताईने तसे केले. आत येणारी झळ मवाळ झाली. पण वारा दोन हात आत येऊन अडत होता. डबक्यात पाणी शिरावे आणि तिथेच साचावे, तसा. छकुलीपर्यंत तो पोचत नव्हता. वच्छलाबाईने पूर्वेकडे पाहिले. बाहेर जायची वाट वर होती, आणि त्या वाटेवर नागवेल होती.

ती वळसा घालून पूर्वेच्या बाजूला गेली, तर तिथे तुळशीराम उभा. घाव ऐकून आला होता. डोक्याला उपरणे, हातात काठी.

"वयनी, हे काय चालवलं? ऐन वैशाखात कूड तोडून राह्यल्या?"

"सरका भाऊजी. वरतं भोक पाडाचं हाये."

"इथं? वेल दिसत नाही काय तुमाले?"

"दिसते."

"मग? झळ लागली का दोन दिवसांत खल्लास होईन. बापाच्या हातच्या बेण्याची वेल हाये ते. अन् उद्या लोक काय म्हनतीन? मिसाळाची सून आपलाच कूड फाडून राह्यली."

"आतमध्ये जयमालाची पोरगी निपचित पडली, भाऊजी."

"तं तिले दवाखान्यात न्या. कुडानं काय केलं? आतून पाह्यलं मी सकाळी. केवढं गार हाये."

"तुमी आतूनच पाह्यलं," वच्छलाबाई म्हणाली. "जन्मभर आतूनच पाह्यलं. अन् न्याहारीले भाईर पळाले. काऊन पळत होते, सांगा बरं."

तुळशीरामने काठी जमिनीवर घट्ट टेकवली. जागचा हलला नाही.

"वेल उतरवा," ती म्हणाली. "नाही तं मी तिच्यासकट कापते."

दर वर्षी नागवेल आधारावरून सोडवून खाली मातीत गुंडाळून घालतात, त्याला उतरवणे म्हणतात. ते काम गारव्याच्या दिवसांत करायचे, शांतपणे, अंघोळ करून. वैशाखाच्या दुपारी उतरवलेली वेल जगत नाही, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

वच्छलाबाईने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. वेलीपुढे उभे राहताना हात आपोआपच चपलांकडे गेला होता. जमीन निखाऱ्यासारखी होती. कडेला पडलेली बादली तिने पालथी घातली, तिच्यावर चढली आणि कोयता उचलला. तेव्हा तुळशीरामने काठी टाकली. त्यानेही वहाणा काढल्या. तोंडातल्या तोंडात तिला काहीबाही बोलत तो वेलीच्या गाठी सोडवू लागला. "थांबा ना. एवढी काय घाई. थांबा, हे एक राह्यली," म्हणत एकेक वेल तो खांद्यावर घेत होता. वच्छलाबाई थांबली नाही. जिथे वेल सुटली तिथे ती घाव घालत गेली. दोन वेली घाईत तुटल्या. तुळशीरामने तुटलेले टोक हातात धरून एकदा तिच्याकडे पाहिले.

तुराट्या निघाल्या, पण मध्ये पांगाऱ्याची फांदी आडवी वाढली होती. तिच्या आत बांबू. कोयत्याचा घाव बांबूच्या पेरावर बसला आणि पाते मुठीपासून मोडून खाली पडले. वच्छलाबाईने मूठ फेकली आणि दोन्ही हातांनी फांदी धरून लोंबकळली. पांगाऱ्याचे काटे तळहातात रुतले. फांदी फाटली, बादली सरकली, ती फांदीसकट खाली आली.

आणि वरच्या भोकातून आतली हवा बाहेर आली. ओली, कोंदट, पोरांच्या घामाचा आणि दुधाचा वास असलेली. तुळशीरामच्या तोंडावरच आली. त्याने तोंड फिरवले.

वच्छलाबाई उठून आत गेली. पश्चिमेच्या ओल्या पेंडक्यातून वारा आत येत होता, जमिनीवरून सरकत होता, पूर्वेकडे वर चढून निघून जात होता. खुंटीवरचे झबले हलत होते. तिने पदर पुन्हा भिजवून छकुलीच्या पोटावर ठेवला आणि हात तिथेच ठेवून बसली. किती वेळ गेला कोण जाणे. पदर गार लागू लागला. बेबीताई चमच्याने पाणी घालत होती. तीन-चार चमच्यांनंतर पोरीने तोंड फिरवले. मग ओठ वाकडे केले. मग रडली.

"रड माय, रड," बेबीताई म्हणाली आणि स्वतःच रडू लागली.

भाऊरावांची गाडी आली. छकुलीला जळगावच्या दवाखान्यात नेले. दिवस मावळेपर्यंत सलाईन लावून ठेवली आणि घरी पाठवली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर गार केली म्हणून निभावले.

जयमाला दवाखान्यातून थेट वच्छलाबाईच्या दारात आली. लेकरू कडेवर.

"तुमच्या कुडात माही पोर शिजली असती," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

"हाव," वच्छलाबाई म्हणाली.

जयमाला आणखी काही ऐकायला थांबल्यासारखी उभी राहिली. वच्छलाबाईच्या तळहातांना हळद बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशी जयमाला पोरीला घेऊन वावरात गेली. तिच्या पाठोपाठ आणखी तिघीजणी आपली लेकरे घेऊन गेल्या. पाळणाघरात निम्म्या झोळ्या रिकाम्या. बेबीताई दारात बसून रस्त्याकडे पाहत राही. असेच चालले तर मदत देणारे येतील आणि कुलूप घालतील, हे तिला दिसत होते. वच्छलाबाई रोज येऊन पेंडके भिजवून जाई.

आठवड्याने योगिनी आली. तिने दोन्ही भोके पाहिली. आपल्या नकाशाचा विषय काढला नाही. तो वच्छलाबाईनेच काढला.

"तू सांगलं होतं तवा, ताई. मीच बुजवलं."

"मलाही नेमकं माहीत नव्हतं मावशी. मी पुस्तकातलं काढलं होतं. भोकात ओली तुराटी टाकायची, हे माझ्या कागदावर कुठं होतं?" ती खाली बसून पश्चिमेच्या भोकाला हात लावून पाहू लागली. "थोडं रुंद करू या का?"

"त्या दगडापर्यंत. पुढे नको, पाऊस शिरन."

तुळशीराम तेवढ्यात आला. त्या दिवसापासून तो वहिनीशी बोलला नव्हता, आणि आताही योगिनीकडे पाहूनच बोलला. "पाह्य पोरी, कसं भगदाड केलं. म्हशी जातीन यातून. अन् ते पेंडकं पाह्य, उकिरड्यावरून आनल्यासारखं." काखेतून त्याने तट्टी काढली. वाळ्याच्या मुळ्या आणि तुराट्या विणून, भोकाच्या मापाची, वर पाणी झिरपायला पन्हळ ठेवलेली. ती त्याने भोकात बसवली, दोनदा ठोकून पाहिली आणि निघून गेला. जाताना पूर्वेच्या बाजूने गेला नाही. तिथे नागवेलीची पाने काळी पडून लोंबत होती.

त्यानंतर एका दुपारी, लू ऐन भरात असताना, जयमाला वावरातून मधेच परत आली. छकुली कडेवर. ती आत गेली नाही. पूर्वेच्या बाजूला, वरच्या भोकाखाली उभी राहिली आणि हात उंच करून बाहेर येणारी हवा पाहिली. बराच वेळ हात तसाच ठेवला. मग पुढच्या दारातून वाकून आत आली. पश्चिमेच्या तट्टीपाशी बसली. वच्छलाबाई तिथेच तट्टीवर तांब्याने पाणी घालत होती.

"लाईट हाये काय?" जयमालाने विचारले.

"सकाळपासून नाही."

जयमालाने वर थांबलेल्या पंख्याकडे पाहिले. भोवती झोपलेल्या पोरांकडे पाहिले. मग छकुलीला झोळीत घातले, पदराने तिचे कपाळ पुसून पाहिले. कोरडे होते.

"मी कांदे भरून येते," ती म्हणाली. "पानी पाजत राहजा."

"हाव. तू जाय."

जून येईपर्यंत बाकीची लेकरेही परत आली. पाळणाघर बंद पडले नाही. पूर्वेच्या भोकाची चौकट यंदा बांबूची केली आहे. नागवेल पुन्हा लावलेली नाही.

बेबीताईच्या मोडलेल्या कोयत्याच्या जागी नवा कोयता एकशे सत्तर रुपयांना आला. वच्छलाबाईने त्यांतले सत्तर दिले आहेत. शंभर रुपये देणे बाकी आहे.